मास्तरांचं ‘आलोच’

मास्तरांच्या दुकानात दोन घड्याळं होती आणि दोन्ही अगदी बरोबर चालायची. त्यामुळे मास्तरांच्या वक्तशीरपणाबद्दल लोक जे काही बोलायचे, त्यात घड्याळांचा काडीचाही दोष नव्हता.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. कोट-पँट शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पोट सुटलेल्या माणसाला ते असा कोट शिवून द्यायचे की तो आठवडाभर आरशासमोरून हलत नसे. प्रश्न फक्त तारखेचा होता. "सोमवारी देतो" असं मास्तर म्हणाले, की तो कुठला सोमवार हे विचारायची पद्धत नव्हती. गिऱ्हाईक दारात दिसलं की ते मशीनवरची मान वर न करता म्हणत, "झालंच आहे हो, फक्त बटणं राहिलीत." आणि ज्या कोटाची फक्त बटणं राहिलेली असत, तो कोट बहुतेक वेळा अजून ताग्यातच असे. हे खोटं आहे असं मास्तरांना कधी वाटलंच नाही. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून बोललेलं ते एक चांगलं वाक्य होतं, आणि चेहरा पडायचाच असेल तर तो निदान दुकानाबाहेर जाऊन पडे.

गिऱ्हाइकं चिडत, हसत, मनातल्या मनात चार शिव्या देत आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत. घरच्यांचं तसं नव्हतं. लेक तिसरीत असताना शाळेच्या नाटकात राणी झाली होती. राणीचा झगा मास्तरांनी स्वतः शिवला, त्याला सोनेरी काठ लावला, आणि तो घेऊन ते पोचले तेव्हा राजा मरून गेला होता. राणीने गणवेशातच राज्य केलं आणि शेवटच्या प्रवेशात अचानक सोनेरी झगा घालून रडली. लोकांना वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ असणार. पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली. पदवीच्या समारंभाला मास्तर पोचले, तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. एका वकिलाचा कोट द्यायचा होता. दर वेळी कुणाचा तरी कोट असायचाच. लेकीने कधी आदळआपट केली नाही, ती रुसली नाही, फुगली नाही. तिने फक्त बापाला बोलवायचं बंद केलं, आणि हे बापाच्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं.

सायकलचं खूळ डॉक्टरांनी डोक्यात घातलं. मास्तरांचं वय त्रेपन्न, दिवसाचे बारा तास बैठक, आणि रक्तात नको तेवढी साखर. "रोज तासभर चाला," डॉक्टर म्हणाले. "तासभर? डॉक्टर, मला वेळ कुठे आहे?" असं मास्तरांनी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "मग सायकल चालवा, लवकर उरकेल." ते बहुधा वैतागून म्हणाले असावेत, पण मास्तरांना पटलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, अस्तराच्या गठ्ठ्यांमागे, त्यांची तरुणपणातली सायकल उभी होती. एके काळी तिच्यावरून ते शिवलेले कपडे घरपोच द्यायचे. त्या काळी तारखा पाळल्या जात असत, असं जुनी गिऱ्हाइकं सांगतात, पण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पहिल्या सकाळी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. वळायला जमेना, म्हणून खाली उतरले, सायकल हातानं फिरवली आणि धापा टाकत परत आले. बायको दारात उभी होती.

"झालं जग फिरून?" तिने विचारलं.

"उद्या कोपऱ्याच्या पुढे जाणार आहे."

"उद्या म्हणजे साधारण कधी?" बायको म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

पण मास्तर दुसऱ्या दिवशी खरंच कोपऱ्याच्या पुढे गेले. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकीच्या मागे एक लांबलचक उतार होता. तिथे त्यांनी पाय मारायचं थांबवलं, सदऱ्यात वारा भरला, आणि कुणाचं माप घेतलेलं नाही, कुणाला तारीख दिलेली नाही, अशी तीन मिनिटं त्यांच्या वाट्याला आली. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे त्यांना माहीतच नव्हतं. ते उतार संपल्यावर सायकल ढकलत पुन्हा वर गेले आणि पुन्हा एकदा खाली आले.

हळूहळू मंडळी जमली. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला हा लहानपणापासूनचा मित्र. मास्तर बारीक झाले तर आपण एकटेच जाडे दिसू, या भीतीने तो आला. नाक्यावरचा केमिस्ट आला. तो दिवसातून चार वाक्यं बोले आणि त्यातली दोन औषधाच्या वेळांची असत. आणि हेडबाई आल्या. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. राणीचं ते नाटक त्यांनीच बसवलं होतं, त्यामुळे मास्तर त्यांच्या पुढे सायकल काढायला जरा बिचकत. रोज सकाळी सहाला चौघं निघत आणि हेडबाई हजेरी घेत.

फेरीची जाहिरात मास्तरांनी पहिल्यांदा केमिस्टच्या काउंटरवर पाहिली. पायांत बळ नसलेल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या मदतीला सायकल फेरी, रविवारी सकाळी सात वाजता, पन्नास किलोमीटर, शेवट केंद्राच्या अंगणात. ते केंद्र म्हणजे लेकीचं कामाचं ठिकाण. सगळ्या नाक्याला माहीत होतं. मास्तर तो कागद दोनदा वाचून घरी आले.

"तू मला सांगितलं नाहीस," जेवताना ते म्हणाले.

"काय सांगायचं, बाबा? रविवारी तुमच्याकडे गर्दी असते."

"मी येणार आहे. सायकलवरून. आम्ही चौघं येणार आहोत."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं.

"किती वाजता पोचाल?" लेकीने विचारलं.

"अकराला."

"अकराला," लेक म्हणाली आणि हसली. दुकानात गिऱ्हाइकं हसत, अगदी तसंच ते हसणं होतं. 

तरी मास्तरांनी बातमी सगळीकडे केली. देणगीची पेटी दुकानात ठेवली. गिऱ्हाइकांना आयतीच संधी मिळाली. "मास्तर, पेटीत टाकतो हो, फक्त सुटे राहिलेत," असं म्हणून लोक निघून जात आणि संध्याकाळी हसत परत येऊन नोटा टाकत. पेटी भरली, पण मास्तरांची लाज पुरती निघाली.

केंद्रात एक सात वर्षांची मुलगी होती. तिच्या जिभेमुळे तिला सगळे मिरची म्हणत. तिच्या पायांना घोट्यापासून मांडीपर्यंत धातूच्या दांड्या आणि पट्ट्या बांधाव्या लागत, आणि त्यावर कुठलीच पँट चढत नसे. म्हणून लेकीच्या सांगण्यावरून मास्तरांनी तिला दोन्ही बाजूंनी उघडणारी पँट शिवून दिली होती. मंगळवारी देतो म्हणाले होते, दिली पुढच्या शनिवारी. "काका, तुमचा मंगळवार फार मोठा असतो," मिरची म्हणाली होती. पँट मात्र तिला इतकी आवडली की ती धुवायलासुद्धा देत नसे. आता तिने जाहीर केलं होतं की बाकीच्यांना कुणीही मेडल घालो, पँटवाल्या काकांना मीच घालणार, आणि उभी राहून घालणार.

"नीट ऐका, बाबा," फेरीच्या चार दिवस आधी लेक म्हणाली. "पट्ट्या बांधायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर ती चार मिनिटं उभी राहते, फार तर पाच. आणि दिवसातून एकदाच. मग तिचे पाय दिवसभर थरथरत राहतात. तिने तुमच्यासाठी उभं राहायचं आणि तुम्ही नसायचं, असं झालं तर मी तुम्हाला काही बोलणार नाही. पण पुन्हा कधी काही सांगणारही नाही."

"अगं, अकरा म्हणजे अकरा," मास्तर म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते. सोमवारच्या तारखाही ते मनापासूनच द्यायचे.

आता चड्ड्यांचं सांगायला हवं. सीटवर बसून बसून हेडबाईंना त्रास होऊ लागला होता. त्यावर चष्मेवाल्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. सायकलवाले लोक बुडाशी मऊ गादी असलेल्या घट्ट चड्ड्या घालतात. मास्तरांनी चित्र मोठं करून पाहिलं आणि त्यांच्यातला कारागीर खवळला.

"ही शिवण? याला शिवण म्हणतात? एका टीपेत उरकलंय सगळं. बसता क्षणी उसवेल. विकत काही आणू नका, चौघांच्या मी शिवतो."

मास्तरांचा एक अभिमान होता. पँटच्या आसनाची शिवण, म्हणजे माणूस नेमका ज्यावर बसतो ती मधली शिवण, त्यांच्या हातची आजवर उसवली नव्हती. तिथे ते दुहेरी टीप मारत, आतून जाड पट्टी लावत आणि वर आणखी एक टीप. या चड्ड्यांना त्यांनी तिहेरी मारली. गादीचा प्रश्न आला तेव्हा कपाटात कोटाच्या खांद्याचे पॅड पडलेच होते. एकेका चड्डीला दोन-दोन लावले, दोन्हींच्या कडा बरोबर मधल्या शिवणीवर आणून. त्यामुळे मधोमध एक छानसा कणा तयार झाला. चड्ड्या अर्थातच शनिवारी संध्याकाळपर्यंत तयार नव्हत्या. "फक्त इलॅस्टिक राहिलंय," मास्तर म्हणाले, आणि आठ वाजता त्यांनी त्या हातात ठेवल्या. ट्रायल आरशासमोर झाली, उभ्याने, कारण ट्रायल उभ्यानेच घ्यायची असते. फिटिंग सुरेख होतं. सायकलवर बसून कुणीही पाहिलं नाही.

रविवारी सकाळी सातला सगळे निघाले. झेंडे, टाळ्या, फोटो. तरुण पोरं-पोरी पुढे निघून गेली आणि आपले चौघं मागे मागे, पण मजेत चालले. दहाव्या किलोमीटरला चष्मेवाला सारखा उभा राहून पायडल मारू लागला. पंधराव्याला केमिस्टने दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं, "काहीतरी टोचतंय." विसाव्याला हेडबाई काहीच बोलेनाशा झाल्या, आणि ते जास्त भीतीदायक होतं. मास्तरांना स्वतःला तर दहाव्यापासूनच कळलं होतं, पण आपल्या हातचा माल आहे म्हणून ते दात आवळून गप्प होते.

छत्तिसाव्या किलोमीटरला पेट्रोल पंप लागला. चष्मेवाला सायकलवरून उतरला, की पडला म्हणावं, आणि पंपाच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"मास्तर, तू माझा लहानपणापासूनचा मित्र आहेस," तो म्हणाला. "मी तुझं काय वाईट केलंय तेवढं सांग."

"शिवण उसवली का?" मास्तरांनी घाबरून विचारलं.

"उसवली असती तर पेढे वाटले असते!"

हेडबाई म्हणाल्या, "मास्तर, मी पस्तीस वर्षं मुलांना शिक्षा केल्या. पण ही शिक्षा मला सुचली नसती."

दहा वाजले होते. पुढे चौदा किलोमीटर होते. "तू हो पुढे," चष्मेवाला म्हणाला. "तुला अकराला पोचायचंय. आम्ही सायकली ढकलत येतो, नाहीतर टेम्पो बघतो." मास्तरांनी तिघांकडे पाहिलं. तिघांच्याही नावावर लोकांनी देणग्या दिल्या होत्या, तिघं महिनाभर पहाटे उठले होते, आणि टेम्पोत बसून अंगणात उतरायची वेळ त्यांच्यावर मास्तरांच्या शिवणीने आणली होती. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांपायी त्यांना उशीर झाला होता. आज निदान चूक तरी त्यांची स्वतःची होती.

"काढा," मास्तर म्हणाले.

सुई-दोरा आणि छोटी कात्री घेतल्याशिवाय मास्तर कुठेही जात नसत. हेडबाई पंपाच्या ऑफिसात रेनकोट गुंडाळून दार लावून बसल्या. चष्मेवाला आणि केमिस्ट कमरेला टॉवेल लावून हवा भरायच्या मशीनमागे उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे पाहून उगाचच ओळखीचं हसले. मास्तर कठड्यावर, अर्थातच एका कुशीवर, टेकले. तिहेरी टीप उसवणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. स्वतःच्या हाताला त्यांनी त्या पाऊण तासात जेवढी नावं ठेवली, तेवढी सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून ठेवली नसतील. पॅड काढले, पट्टी काढली, साधी एकच सपाट शिवण हाताने घातली. तीन चड्ड्या झाल्या. राहिली त्यांची स्वतःची.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती. अकराला दहा कमी होती.

"बाबा, कुठे आहात?"

मास्तरांचं तोंड उघडलं आणि तीस वर्षांची सवय बाहेर पडली. "आलोच! फक्त शेवटचं वळण राहिलंय."

"बरं," लेक म्हणाली आणि फोन बंद झाला.

हेडबाई ऑफिसच्या दारात, दुरुस्त चड्डी घालून, वर कुर्ता सारखा करत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कुठलं वळण, मास्तर?" त्यांनी विचारलं. आवाज मुळीच चढवला नव्हता.

मास्तरांच्या डोळ्यांसमोर एकदम मिरचीचे पाय आले. आता लेक तिला पट्ट्या बांधायला घेईल. दहा मिनिटांनी ती पोर उभी राहील. फाटकाकडे बघत राहील. चार मिनिटं, फार तर पाच, आणि मग तिला खाली बसवावं लागेल. कोट उशिरा मिळाला म्हणून आजवर कुणाचे पाय थरथरले नव्हते. इतकी वर्षं हे वाक्य बोलून आपण पुढच्या माणसाला असंच कुठेतरी उभं करून ठेवत आलो, हे त्यांना आता दिसलं, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ उभी राहिलेली आपली लेकच होती, हेही दिसलं.

त्यांनी फोन लावला.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मी पेट्रोल पंपावर आहे. चौदा किलोमीटर बाकी आहेत. मिरचीला उठवू नकोस."

"मी तिला उठवलंच नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "तुमचं ‘आलोच’ मला माहीत आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"थांब," ते म्हणाले, आणि त्यांनी हिशेब केला. कापड कापताना शिवणीपुरता दाब, म्हणजे जास्तीचं कापड, सोडल्याशिवाय त्यांनी कधी कात्री चालवली नव्हती. वेळेला मात्र कधी बोटभरही दाब सोडला नव्हता. चौदा किलोमीटरला एक तास. मधे एक चढ, त्याची पाच मिनिटं. चढावर उतरावं लागलं तर आणखी पाच. आणि वर पाच मिनिटं दाब. "बारा वाजून दहा मिनिटं," ते म्हणाले.

"बारा दहा?"

"बारा दहा."

"बघते," लेक म्हणाली.

"बघते" म्हणजे काय, हे विचारायला फोनवर कुणी उरलं नव्हतं.

"चला," मास्तर म्हणाले आणि सायकलवर बसले. म्हणजे बसायला गेले.

"अरे, तुझी चड्डी राहिली!" चष्मेवाला ओरडला.

"राहू दे. वेळ नाही."

पुढच्या चौदा किलोमीटरचं वर्णन मास्तरांनी नंतर कधीही कुणापाशी केलं नाही. आपण एवढंच म्हणू, की तिहेरी टीप कशी असते ते त्यांना सविस्तर कळलं. दुरुस्त चड्ड्यांतली तिघं आता मजेत चालली होती, आणि हेडबाई मास्तरांच्या मागे राहून परीक्षेतल्यासारखी वेळ पुकारत होत्या. "मास्तर, अकरा वीस! अजून नऊ किलोमीटर! इकडेतिकडे बघू नका!"

चढ सुरू झाला आणि नशिबाने तिथेच गाठलं. मागून स्कूटर आली. वर एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा कोट मास्तरांकडे शिवायला होता.

"मास्तर! बरे सापडलात. माझ्या कोटाचं काय?"

मास्तरांना घाम फुटला होता, श्वास लागला होता, तोंडात वाक्य तयार होतं. त्यांनी ते गिळलं. "कापलासुद्धा नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवस लागतील. लग्न त्याआधी असेल तर कापड घेऊन जा, दुसऱ्याकडे द्या."

स्कूटरवाले गृहस्थ थोडा वेळ तसेच बरोबरीने चालत राहिले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. "लग्न महिन्याने आहे," शेवटी ते म्हणाले. "तुम्हाला बरं आहे ना, मास्तर?"

"पुढे व्हा हो, साहेब!" हेडबाई मागून कडाडल्या. "अकरा चाळीस!"

चढावर मास्तर उतरले नाहीत. उतरले असते तर परत बसायची हिंमत झाली नसती. चढ संपला, बाजाराचा रस्ता संपला, शाळेची भिंत संपली. केंद्राची गल्ली आली तेव्हा हेडबाईंनी "बारा आठ!" म्हटलं. गल्लीच्या टोकाला वळण होतं आणि वळणापलीकडे फाटक. आतलं इथून काही दिसत नव्हतं आणि आतल्या कुणाला गल्ली दिसत नव्हती.

मास्तरांच्या मनात एकच होतं. आपण फाटकातून आत जाऊ, आपल्याला पाहून लेक म्हणेल, अरे वा, आलात, आणि मग ती मिरचीला पट्ट्या बांधायला घेईल. तेवढं झालं तरी पुष्कळ. आपल्या शब्दावर तिने याहून जास्त काही करावं, असं आपण काय केलंय?

ते वळले.

अंगणात तरुण पोरं केळी खात बसली होती. खुर्च्या अजून उचललेल्या नव्हत्या. आणि मधोमध, दोन आडव्या दांड्यांच्या मधे, मिरची उभी होती. आत्ता उभी राहत नव्हती, उभी होतीच. दोन्ही बाजूंनी उघडणारी पँट घातलेली, गुडघे ताठ, एक हात दांडीवर आणि दुसऱ्या हातात मेडलची फीत. लेक तिच्या मागे गुडघ्यांवर बसली होती, तिच्या कमरेपासून बोटभर अंतरावर दोन्ही हात धरून. दोघी फाटकाकडेच बघत होत्या.

मास्तरांनी सायकल टाकली. चष्मेवाल्याने ती धरली म्हणून बरं. ते चालू लागले, पण पाय काही जवळ येईनात, आणि ते तसेच फेंगडे, दोन्ही हात बाजूला सोडून, अंगण ओलांडू लागले.

मिरचीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका," ती म्हणाली, "तुम्हाला पण चालता येत नाही?"

सगळं अंगण हसलं. मास्तरही हसले आणि त्यांचे डोळे गळायला लागले. ते तिच्या पुढ्यात वाकले. मिरचीने दांडीवरचा हात सोडला. एक क्षण ती कशालाच धरून नव्हती. मग फीत त्यांच्या गळ्यात पडली आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचे खांदे घट्ट धरले.

"लवकर उठू नका," ती कानात म्हणाली. "मी पडेन."

लेकीने मागून तिला अलगद धरलं, खुर्चीत बसवलं आणि पट्ट्या सोडू लागली. मिरचीचे पाय थरथरत होते आणि ती त्यांच्याकडे लक्ष न देता केळं मागत होती. मास्तर तिथेच उभे राहिले, कारण बसणं शक्य नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

"पट्ट्या बांधायला कधी घेतल्यास?" त्यांनी विचारलं.

लेकीने मान वर केली नाही. तिची बोटं शेवटच्या पट्टीशी झटत होती.

"बाराला," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत ना."